स्पितीत आधी कोणती वाट धरावी, हे रात्रीचा मुक्काम ठरवतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोंड्याचे एक गृहस्थ तीन वर्षे हार्डटेल एमटीबी, म्हणजे फक्त पुढे धक्के शोषणारा फोर्क असलेली डोंगरवाटांची सायकल, चालवत आहेत. चवथ आटोपली की सप्टेंबरात दहा दिवसांची रजा काढून एका मित्रासह हिमाचल प्रदेशातील स्पितीला जायचा त्यांचा बेत आहे. मनालीहून एका दिवसात काझा, दुसऱ्या दिवशी लांगझा, हिक्कीम आणि कोमिक, तिसऱ्या दिवशी किब्बरहून ‘की’ मठापर्यंतची उतरण आणि शेवटी धनकर, असा त्यांनी आखलेला क्रम आहे. केरीकडून चोर्ला घाट ते पंचावन्न मिनिटांत चढतात. या वाटांपैकी सर्वांत अवघड कोणती, हा क्रम योग्य आहे का, आणि जाण्यापूर्वी फुल सस्पेन्शनची, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी, नवी सायकल घ्यावी का, असे त्यांनी विचारले आहे. मित्राकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे, हे त्यांनी जाता जाता सांगितले आहे. त्याविषयीही पुढे लिहितो, कारण ती बाब त्यांना वाटते तितकी किरकोळ नाही.

मी सत्तरी तालुक्यात सायकल दुरुस्तीचे छोटे दुकान चालवतो आणि गेली काही वर्षे गोव्यातील लहान गटांना घेऊन स्पितीत जात आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपला खरा प्रश्न वाटेच्या अवघडपणाचा नाही. आपण नावे घेतलेल्या वाटांपैकी बहुतेकांचा निव्वळ तांत्रिक भाग, म्हणजे वळणे, दगड आणि उतार, म्हादईच्या खोऱ्यातील वाटांवर हात बसलेल्या माणसाला जमण्यासारखा आहे. खरा प्रश्न असा आहे की समुद्रसपाटीवर वाढलेले शरीर कितव्या दिवशी किती उंचीवर झोपलेले असेल, आणि त्या शरीराला त्या दिवशी नऊशे मीटरची उतरण शुद्धीत राहून उतरता येईल का. म्हणूनच आमच्याकडे कोणती वाट कोणत्या दिवशी हे आदल्या रात्रीच्या मुक्कामाची उंची पाहून ठरते.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच कबूल करतो. उंची कोणाला किती बाधेल हे आधी सांगता येत नाही. पूर्वी एकदा उंचावर त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता अधिक धरावी, एवढेच म्हणता येते. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा विकार असेल तर माझ्या उत्तराआधी डॉक्टरांचे मत घ्यावे. रस्त्यांचेही तसेच आहे. शिमल्याहून येणाऱ्या रस्त्यावर, किन्नौरच्या बाजूला, पावसाळ्यात दरडी कोसळतात, मनालीहून येणाऱ्या रस्त्यावर, कुंझुम खिंडीच्या बाजूला, नाले फुगतात, आणि सप्टेंबरात दोन्ही रस्ते बहुधा चालू असले तरी एखादा दिवस हातचा ठेवावाच लागतो.

आता उंचीविषयी. काझा सुमारे ३६५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ पासष्ट टक्के असतो. किब्बर ४२७०, लांगझा सुमारे ४४००, तर कोमिक ४५८७ मीटरवर आहे. कोमिकला हा दाब सत्तावन्न टक्क्यांच्या आसपास येतो. गोव्यातील सर्वोच्च शिखर, सत्तरीतील सोसोगड, जेमतेम साडेअकराशे मीटरचे आहे, तेव्हा इथे राहून या उंचीची सवय करून घेण्याचा कोणताही मार्ग नाही. पंधराशे मीटरच्या वर दर शंभर मीटरला शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता साधारण एक टक्क्याने घटते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे कोमिकला आपल्या अंगात तीस टक्के बळ कमी असेल. चोर्ल्याच्या पंचावन्न मिनिटांचा अभिमान जरूर बाळगावा, पण तेवढीच चढण तिथे सव्वा तासात झाली तरी समाधान मानावे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दमसास चांगला असल्याने विरळ हवेचा विकार टळत नाही. माझा अनुभव तर उलटा आहे: तयारीचा सायकलस्वार पहिल्याच दिवशी जोर लावतो आणि सर्वांत आधी तोच आडवा होतो.

मी स्वतः पहिल्या खेपेस हीच चूक केली. तेव्हा अटल बोगदा झालेला नव्हता. मनालीहून पहाटे निघालो, ३९७८ मीटरची रोहतांग खिंड ओलांडली, पुढे ४५५१ मीटरवरील कुंझुम ओलांडली आणि रात्री काझाला पोहोचलो. आदल्या रात्रीचा मुक्काम दोन हजार मीटरवर होता आणि त्या रात्रीचा साडेतीन हजारांच्या वर. डोके ठणकत होते, जेवण जाईना, पण गाडीतून बसून आलो आहोत, थकवा असणारच, अशी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी किब्बरहून उतरताना एका साध्या डाव्या वळणावर मी सायकल वळवलीच नाही. वळण दिसत होते, वळायचे आहे हेही कळत होते, पण हातांपर्यंत ते उशिरा पोहोचले. सुदैवाने बाहेरच्या बाजूला दरी नव्हती, मटाराचे शेत होते. खांदा सुजला आणि उरलेले पाच दिवस मी गाडीत बसून काढले. बोगदा झाल्यापासून रोहतांग टळते, पण कुंझुम टळत नाही आणि काझाची उंचीही कमी होत नाही; उलट प्रवास सोपा झाल्याने हा मोह वाढला आहे.

तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा, हा गिर्यारोहणातील डॉक्टरांचा रूढ सल्ला आहे. तो पाळायचा तर शिमल्याकडून जाणे बरे. अंतर चारशे किलोमीटरच्या पुढे जाते, पण मुक्काम पायऱ्यांसारखे मिळतात: शिमला सुमारे २२००, कल्पा २९६०, ताबो ३२८० आणि मग काझा. वाटेत नाकोचे तळे पाहून तिथेच राहण्याचा मोह होतो. परंतु नाको जवळजवळ काझाइतक्याच उंचीवर आहे, म्हणून कल्प्याहून येणाऱ्याने तळे पाहावे, चहा घ्यावा आणि झोपायला खाली ताबोला जावे. ९९६ साली स्थापन झालेला ताबोचा मठ पाहण्यात एक दुपार सहज जाते आणि शरीराला हवी ती विश्रांती आपोआप मिळते. परत येताना मात्र मनालीमार्गे खुशाल यावे, कारण तेव्हा शरीर तयार असते आणि मुक्काम खाली जात असतो.

आपल्या दहा दिवसांत हे ओढूनताणून बसते, अकरा मिळाले तर बरे. मडगावहून चंदीगडला जाणारी संपर्क क्रांती सोयीची आहे, सायकल सामानाच्या डब्यात जाते, पण जाण्यायेण्यात तीन-चार दिवस खर्ची पडतात. त्यामुळे इतक्या थोड्या रजेत विमानाने चंदीगड गाठणे भाग आहे. पहिल्या रात्री शिमला, पुढच्या दोन रात्री कल्पा, आणि मधल्या दिवशी कल्प्याहून रोघीपर्यंत सायकलवर हलकेच फेरी. मग दोन रात्री ताबो. त्यांतल्या मधल्या दिवशी गाडीने धनकरला जावे आणि तिथून दरीतल्या मुख्य रस्त्यापर्यंत सायकलने उतरावे. धनकर ३८९४ मीटरवर आहे, पण दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपणे शरीराला चालते, किंबहुना मानवते. गावाच्या वर सुमारे ४१०० मीटरवर तळे आहे. तिथे पहिल्या खेपेस चालतच जावे, सायकल खांद्यावर घेऊन जाण्याचा हट्ट नको. सहाव्या रात्री काझा. सातव्या दिवशी किब्बर आणि की, आठव्या दिवशी लांगझा, हिक्कीम आणि कोमिक. दोन्ही दिवस चढण गाडीने, उतरण सायकलने आणि झोप काझाला. नवव्या दिवशी पहाटे मनालीकडे प्रयाण.

म्हणजे आपला क्रम जवळजवळ उलटा करावा लागतो. आपण शेवटी ठेवलेले धनकर पहिले येते आणि सर्वांत उंच कोमिक शेवटी जाते. कोमिकहून डेमुल आणि ल्हालुंगमार्गे धनकरला येणारी गावागावांची वाट फारच सुंदर आहे, पण तिच्यात चार हजार मीटरच्या वर मुक्काम करावा लागतो. पहिल्या खेपेला दहा दिवसांत ती बसवू नये.

अवघड कोणती, याचे सरळ उत्तर हवेच असेल तर हिक्कीमहून काझाकडे उतरणारी जुनी पायवाट. तिथले दगड फार मोठे नाहीत, पण ते कसे आहेत हे गोव्यात बसून कळत नाही. आपल्या सड्यावरचा जांभा खडबडीत असतो आणि त्यावर मिरीएवढे, वाटाण्याएवढे गोल खडे पसरलेले असतात; उन्हाळ्यात त्यांच्यावरून चाक सटकते, पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ चढते. दोन्हींमध्ये आपण एक सवय लावून घेतो: पुढचा ब्रेक जपून, शरीर किंचित मागे. स्पितीतील उतारावर शेल खडकाच्या चपट्या, धारदार कपच्या असतात, फुटलेल्या मंगलोरी कौलांसारख्या. त्या एकमेकींवरून घसरतात आणि चाकाखाली अख्खा थरच खाली सरकतो. तिथे मागे बसले की पुढचे चाक हलके होते आणि वळणात ते बाहेर निघून जाते. छाती हँडलबारवर आणावी, कोपर बाहेर काढावेत, वळणाआधी वेग उतरवावा आणि वळणात ब्रेक सोडावा. हे वाचून समजते, पण अंगात मुरायला दोन-तीन उतरणी लागतात, आणि त्या धनकरला आणि कीला करून घ्याव्यात म्हणूनही मी हिक्कीम शेवटी ठेवतो.

या कपच्या टायरची बाजूची भिंत कापतात. पातळ भिंतीचे, वजनाला हलके म्हणून विकले जाणारे टायर मी कोणालाही नेऊ देत नाही. ट्यूबलेस असले तरी एक ट्यूब जवळ असावी, आणि आतून लावायला जुन्या टायरचा बोटभर तुकडा. सीलंट, म्हणजे भोक बुजवण्यासाठी ट्यूबलेस टायरमध्ये घालतात तो द्रव, निघण्यापूर्वी नवा भरावा, कारण आपल्याकडच्या मार्च ते मेच्या उकाड्यात त्याचे रबर होऊन टायरला आतून चिकटलेले असते आणि हलवून पाहिले तरी आवाज येत नाही.

ब्रेकविषयी मात्र मला जरा विस्ताराने लिहायचे आहे, कारण गोव्यातून जाणाऱ्या सायकलींचे खरे दुखणे तिथेच असते. माझ्या दुसऱ्या खेपेस कोमिकहून काझाला उतरताना मध्यावर आमच्यातील एकाने ओरडून सर्वांना थांबवले. त्याच्या मागच्या ब्रेकचा लिव्हर हँडलबारला टेकत होता. दाबला की स्पंजासारखा आत जात होता आणि ब्रेक लागत नव्हता. रोटरला, म्हणजे ब्रेकच्या चकतीला, निळसर छटा आली होती, जळका वास येत होता. वीस मिनिटे बसलो, थंड झाल्यावर लिव्हर पुन्हा घट्ट झाला, आणि उरलेले अंतर त्याने सायकल हातात धरून काढले. घरी आल्यावर मी ब्रेकमधील द्रव काढला तर तो काळ्या चहासारखा निघाला. ती सायकल दोन पावसाळे केरीच्या एका ओसरीवर टांगलेली होती.

याचे कारण असे. ज्या ब्रेकमध्ये डॉट वर्गाचा द्रव असतो, तो द्रव हवेतील बाष्प शोषून घेतो. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो. पाणी मुरल्यावर तो १५५ अंशांवर आला तरी प्रमाणात बसतो, आणि आपल्याकडच्या दमट हवेत पाणी मुरायला वेळ लागत नाही. नऊशे मीटरच्या सलग उतरणीत कॅलिपर, म्हणजे चकतीवर पॅड दाबणारा भाग, तापतो, मुरलेल्या पाण्याची वाफ होते, वाफ दाबली जाते पण पिस्टन ढकलत नाही. चोर्ल्याच्या उतरणीवर हे सहसा अनुभवाला येत नाही, कारण ती डांबरी आहे, वळणांच्या मध्ये ब्रेक सुटतो आणि वारा लागतो. स्पितीच्या पायवाटेवर वेग कमी, उतार तीव्र आणि ब्रेक सतत लागलेला असतो. काही ब्रेकमध्ये खनिज तेल असते. ते पाणी शोषत नाही, परंतु आत शिरलेले पाणी वेगळे राहून सर्वांत खालच्या जागी, म्हणजे नेमके कॅलिपरमध्ये, साचते. लांगझाच्या उंचीवर पाणी पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळते. तिथल्या घरांत कुकरशिवाय डाळ शिजत नाही, तेच कारण.

तेव्हा निघण्यापूर्वी दोन्ही ब्रेकमधील द्रव पूर्ण बदलून घ्यावा. लिव्हरजवळच्या झाकणावर कोणता द्रव हे लिहिलेले असते. डॉटच्या ब्रेकमध्ये खनिज तेल किंवा उलट घातले तर आतील रबरी सील फुगतात आणि ब्रेक कायमचा जातो. पॅडही पाहावेत. आपली तांबडी माती पाण्यात कालवली की पॉलिश पेपरसारखी काम करते, आणि एका पावसाळ्यात रेझिनचे पॅड संपलेले मी नेहमी पाहतो. स्पितीसाठी धातुमिश्रित पॅड घ्यावेत, ते आवाज करतात पण उष्णता सोसतात. पुढे १६० मिलिमीटरचा रोटर असेल तर फोर्कला चालत असल्यास १८० चा बसवावा. उतरताना ब्रेक हलकेच घासत राहू नये. ठामपणे दाबावा, वेग उतरला की सोडावा. मध्ये दोनदा थांबावे. रोटर तापला का हे पाहायला बोट लावू नये. हे सांगावे लागते, कारण दर वर्षी कोणीतरी लावतेच.

हवेच्या दाबाचा आणखी एक खेळ आहे. टायरमधील हवा बंदिस्त असते, पण आपला दाबमापक बाहेरच्या हवेच्या तुलनेत मोजतो. समुद्रकाठी बाहेरचा दाब १४.७ पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) असतो आणि काझाला साडेनऊच्या आसपास. म्हणजे फोंड्यात २४ पीएसआय भरलेला टायर, हवा गळली नाही आणि तापमान फार उतरले नाही तर, काझाला २९ दाखवेल. पाच पीएसआयचा फरक एमटीबीला फार मोठा: टायर चेंडूसारखा उसळतो आणि सैल कपच्यांवर पकड सोडतो. काझाला पोहोचल्यावर दाब पुन्हा मोजावा आणि जास्तीची हवा सोडावी. उलट, पंक्चर काढल्यावर वर हातपंपाने हवा भरायची वेळ आली तर घरच्यापेक्षा दीडपट-पावणेदोनपट वेळा दांडा हलवावा लागतो, कारण प्रत्येक वेळी पंपात हवाच कमी येते. धाप लागलेली असताना ही गोष्ट फार जाणवते, म्हणून हे काम मित्रावर सोपवावे.

फोर्कच्या खालच्या नळ्यांतही समुद्रकाठची हवा अडकलेली असते. वर गेल्यावर ती बाहेर ढकलू लागते आणि लहान खड्ड्यांवर फोर्क ताठ वाटतो. काही फोर्कना मागे छोटी बटणे असतात, ती दाबली की झाले. नसतील तर प्लास्टिकची पातळ केबल टाय घ्यावी, तिचे टोक गोल करावे आणि धूळ अडवणाऱ्या रबरी कड्याखाली, चकाकत्या नळीला लावून अलगद सरकवावे. फुस्स असा आवाज येतो आणि फोर्क पुन्हा मऊ होतो. धातूचा स्क्रूड्रायव्हर कधीही घालू नये. नळीवर एक ओरखडा पडला की पुढे तेल गळत राहते.

यावरून सायकल घ्यावी का, याचे उत्तर मिळाले असेलच. घेऊ नये. शंभर मिलिमीटर दबणाऱ्या फोर्कच्या हार्डटेलवर माझ्याबरोबरचे निम्मे लोक या सर्व वाटा उतरले आहेत. ताजा ब्रेकचा द्रव, धातुमिश्रित पॅड, जाड भिंतीचे २.३५ इंचांचे टायर आणि पुढची दातेरी चक्री ३२ दातांची असल्यास ३० किंवा २८ ची, एवढे करावे. नव्या सायकलीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतील थोडे गाडीभाड्यावर खर्च करावेत, कारण चढण गाडीने केल्यास उतरणीसाठी डोके शाबूत राहते. काहींना हे कमीपणाचे वाटते. मला वाटत नाही, आणि माझ्या गटात त्यावर चर्चाही होत नाही.

तोवर गोव्यात काय करता येईल? उंचीचा सराव होत नाही, पण दोन गोष्टींचा होतो. पहिली, चढावर बोलता येईल एवढ्याच वेगाने दोन तास पेडल मारत राहणे. चोर्ल्याला घड्याळ न लावता जावे आणि पूर्ण वाक्य बोलता येईनासे झाले की गिअर हलका करावा. दुसरी, सलग उतरणीत हात आणि पाय न थकवणे. त्यासाठी सत्तरी किंवा सांग्यातील एखादी सैल खड्यांची उतरण धरून तीच पाच-सहा वेळा करावी, आणि शेवटच्या फेरीत पकड पहिल्याइतकी सुटसुटीत राहते का ते पाहावे. बंद खाणींच्या आवारात मात्र शिरू नये, तिथले कडे पावसाने आतून पोखरलेले असतात.

तिथे पोहोचल्यावर वेळ पाळावी. दुपारनंतर दरीत जोराचा वारा सुटतो आणि अरुंद वाटेवर तो सायकल बाजूला ढकलतो. वितळलेल्या बर्फाचे नालेही दुपारी फुगतात. त्यामुळे उतरणी दुपारपूर्वी संपवाव्यात. हवा इतकी कोरडी असते की घाम अंगावर दिसतच नाही. आपल्याला शर्ट चिंब झाल्यावर पाणी प्यायची सवय, तिथे ती उपयोगाची नाही. दर अर्ध्या तासाला ठरवून प्यावे. सप्टेंबरात शेतांत जवाची कापणी चालू असते आणि वाटा शेतांच्या कडेने जातात. आपल्या कुळागरातील पाटांसारखेच पाण्याचे पाट तिथेही आहेत, गंमत म्हणजे त्यांना कूल म्हणतात. त्यांच्या काठावरून चाक गेले तर काठ फुटतो आणि कोणाचे तरी पाणी वाया जाते, म्हणून तिथे उतरून सायकल उचलावी. मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली तर ती आपल्या उजव्या हाताला राहील अशी बाजूने जावे. लांगझाला जीवाश्म विकायला येतात, ते घेऊ नयेत. किब्बरच्या वर अभयारण्य आहे; म्हादईत आपण वनखात्याला विचारल्याशिवाय शिरत नाही, तिथेही विचारूनच जावे.

लक्षणांविषयी आमच्या गटातील नियम असा आहे, आणि त्यात कोणाची भीड नाही. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, गरगरणे किंवा विलक्षण थकवा असेल तर त्या दिवशी सायकल नाही आणि आणखी वर जाणेही नाही. रोज सकाळी प्रत्येकाने जमिनीवरील सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत दहा पावले चालून दाखवायची. तोल गेला तर तो मेंदूला सूज येत असल्याचा इशारा समजून ताबडतोब खाली. स्वस्थ बसले असतानाही धाप लागत असेल तरीही ताबडतोब खाली, रात्र असली तरी. काझात सरकारी रुग्णालय आहे, पण त्याच्या भरवशावर वर थांबू नये. ॲसिटाझोलामाइडच्या गोळ्या प्रतिबंधासाठी दिल्या जातात, त्या डॉक्टरांना विचारून, सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ती सांगून, आणि एकदा घरी घेऊन पाहूनच न्याव्यात. बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वरचेवर जावे लागते, हे आधी माहीत असलेले बरे.

आता मित्राचा पासपोर्ट. भारतीय नागरिकांना या मार्गावर परवाना लागत नाही, पण परदेशी पासपोर्ट असलेल्यांना किन्नौरहून स्पितीत शिरणाऱ्या, चीनच्या सीमेजवळच्या पट्ट्यासाठी लागतो, आणि भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डामुळे त्यातून सुटका होत नाही. पेडण्याचा असो की पणजीचा, मराठी बोलतो की कोकणी, याच्याशी नाक्यावरील जवानाला कर्तव्य नसते. तो परवाना शिमला किंवा रेकाँग पिओला काढता येतो. रेकाँग पिओ कल्प्याच्या अगदी खाली आहे, म्हणून कल्प्यातील मोकळा दिवस कामकाजाच्या वारी येईल अशा बेताने निघावे. मागे माझ्या गटातील एक जण रविवारी तिथे पोहोचला आणि त्याच्यासाठी आम्हा सर्वांचा एक दिवस गेला.

परतताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. काझाला आपण टायरमधील हवा सोडलेली असते, आणि खाली चंदीगडला आल्यावर तोच टायर अंगठ्याने दाबला जाईल इतका मऊ लागतो. पंक्चर समजून तो उघडत बसू नये, पंपाने पाच पीएसआय वाढवावे आणि सायकल खोक्यात भरावी.